पॉइंट टू टू रायफलचा ग्रुप फाटलाय, नळी बदलावी का? सांगली-साताऱ्याकडं चांगला गनस्मिथ कोण?

कुपवाडचा_लेथवाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडं काकांची जुनी .२२ रायफल आहे. जर्मन बनावट, बोल्ट अ‍ॅक्शन, लाकडी दस्ता, मागं डायॉप्टर (बारक्या भोकातनं बघायची साईट). काका गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला (त्यात किती चपला झिजल्या तो वेगळा धागा होईल). मी काय मोठा शूटर नाही, रविवारी रेंजवर ५० मीटरला प्रोन (पालथं झोपून) मारतो, तेवढाच विरंगुळा.

तर झालंय असं की २०२३ पर्यंत चांगल्या दिवशी पाच गोळ्यांचा ग्रुप (सगळी भोकं मिळून केवढ्या जागेत पडली ते) १५-१६ मिमीत यायचा, आता ३५ ते ४० मिमी. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं, नऊचं २६.४, म्हणजे माझ्या निम्म्या गोळ्या आठात फिरत्यात. साईटचे स्क्रू आवळून बघितले, चष्म्याचा नंबर तपासला, काय फरक नाही. काकांनी तीस वर्षं वापरलीय, नळी झिजली असणार असं वाटतंय.

दोन प्रश्न. नळी गेली हे खात्रीनं कसं ओळखायचं? आणि बदलून देणारा माणूस आपल्या भागात कोण आहे? माझं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे एमआयडीसीत, बोअरिंग रोज करतो, त्यामुळं मनात वेगळेच विचार पण येत्यात :)

कायद्याचं_बोला
ते वेगळे विचार मनातच ठेवा. हसण्यावारी नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ मध्ये ‘शस्त्र’ म्हणजे त्याचे सुटे भाग पण येतात, नळी त्यात आलीच. कलम ५ प्रमाणं परवान्याशिवाय बनवणं, बदल करणं, दुरुस्त करणं, टेस्ट करणं, सगळं बंद. कलम ६ तर खास नळी आखूड करण्याबद्दलच आहे. तुमच्याकडं आहे तो शस्त्र बाळगायचा परवाना, दुरुस्तीचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडलं तर शिक्षा किमान सात वर्षं. रायफल साफ करा, तेल लावा, स्क्रू आवळा, त्यापुढं हात लावू नका.

कुपवाडचा_लेथवाला
बाबो. नाय नाय, लेथचा विषय संपला.

उगाचच_आलो
सात वर्षांत निदान नेम तरी सुधारेल

माशीवर_नेम
दादा, नळी हा सगळ्यात शेवटचा संशयित धरा. .२२ ची गोळी साधी शिशाची, वेग ताशी नाही सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जरा कमीच. असल्या गोळीनं चांगली नळी झिजायला हजारो नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत गोळ्या लागतात. मोठ्या काडतुसाच्या रायफलीत दारूच्या आगीनं नळीचा गळा, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, जळतो, तो प्रकार इथं नावाला. लोक नळीला शिव्या देतात आणि दोष निघतो भलतीकडंच.

आधी हे सांगा, ग्रुप फुटलाय का सरकलाय? म्हणजे पाच गोळ्या जवळजवळ आहेत पण रोज वेगळ्या जागी, का मुळातच विखुरल्यात? सरकत असेल तर साईट, माउंट, धरण्यात फरक. विखुरत असेल तर काडतूस, स्क्रू, दस्ता आणि मग नळी. उभी रेघ पडत असेल तर गोळ्यांच्या वेगात फरक नाहीतर तुमचा श्वास. आडवी पडत असेल तर वारा, चाप ओढताना धक्का, नाहीतर रायफल कलती होतीय. आणि कागदावरची भोकं बघा, गोल आहेत का लांबट? लांबट असली तर गोळी डुलत जातीय, मग मात्र नळीचं खरंच काहीतरी आहे.

सातारी_कंदी
आडवी पडत असेल तर वारा म्हणे. अहो आमच्या साताऱ्यात वारा नसता तर चाळकेवाडीला पवनचक्क्या काय शोभेला लावल्यात का. आमच्याकडं वारा हे कारण कायम तयार असतं, कोण विचारत पण नाही.

कुपवाडचा_लेथवाला
@माशीवर_नेम भोकं गोल आहेत. ग्रुप विखुरलेला, पण नीट बघितल्यावर खालून डावीकडनं वर उजवीकडं तिरका ओघ दिसतो, पहिल्या दोन खाली आणि पुढच्या वर चढत जातात. आधी लक्षातच आलं नव्हतं. टार्गेटं टाकून द्यायचो मी.

जुना_फौजी
टार्गेट कधी टाकू नये. मागं तारीख, काडतूस, हवा लिहून फाईल करायची. अपशिंगे मिलिटरीतला माणूस आहे, पलटणीत वीस वर्षं काढली, आमच्या उस्तादांनी एकदा वही नसलेल्या पोराला रेंजभर पळवलं होतं.

साफ कशानं करता? आमच्याकडं पुलथ्रू (नळीतनं ओढायची दोरी) आणि चिंदी. दोरी नेहमी चेंबरकडनं (मागं काडतूस बसतं तिकडनं) घालून मझलकडं (नळीच्या पुढच्या तोंडाकडं) सरळ ओढायची. तिरकी ओढली की दोरी मझलच्या कडेला घासती, वर्षानुवर्षं असं केलं की तिथं खाच पडती आणि नेम गेला. नळी आतनं आरशासारखी असली तरी उपयोग नाही, गोळी शेवटी त्या कडेला सोडूनच बाहेर जाती. ती कड म्हणजे क्राऊन.

कुपवाडचा_लेथवाला
फौजीसाहेब, मी रॉड वापरतो. आणि खरं सांगतो, मझलकडनं घालतो, बोल्ट काढायचा कंटाळा येतो म्हणून.

जुना_फौजी
🙏 उस्तादांना कळवतो.

रेंजवरची_आई
माझी मुलगी ५० मीटर खेळते (आधी १० मीटर एअर रायफल), त्यामुळे तीन वर्षं रेंजच्या बाकावर बसून जे शिकले ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही सुरुवातीला साईट पण हलवली, काडतूस पण बदललं, जॅकेट पण नवीन, आणि मग महिनाभर कुणालाच कळेना सुधारलं कशानं आणि बिघडलं कशानं. कोच वैतागले. मग त्यांनी सरळ सांगितलं, तिची रायफल दुसऱ्या चांगल्या मुलाच्या हातात द्या, आणि तिची काडतुसं दुसऱ्या रायफलीत मारा. दोन परीक्षांत कळतं दोष माणसात, गोळीत का रायफलीत. आमच्याकडे दोष गोळीत निघाला. एकाच कंपनीचा, तसाच डबा, पण लॉट नंबर वेगळा. म्हणून तर मोठे खेळाडू लॉट टेस्ट करतात, बाहेर काडतूस कंपन्यांकडेच ५० मीटरची टेस्ट रेंज असते, रायफल शिकंज्यात बसवतात, एकेका लॉटचे ग्रुप मारतात आणि जो जमला त्याचे डबे उचलतात.

माशीवर_नेम
+१. दादा, तुम्ही काडतूस बदललंय का मधे?

कुपवाडचा_लेथवाला
बदललंय. काकांच्या वेळचं मॅचचं संपलं, आता स्वस्तातलं.

माशीवर_नेम
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं 😀

पाटणचा_पाऊस
आमच्याकडं आजोबांची ठासणीची बंदूक होती. त्यात ग्रुप वगैरे भानगड नव्हती, बार उडाला हाच आनंद. रानडुकरं मात्र त्या आवाजाला पण आता भीत नाहीत, सगळं भुईमूग उकरून जात्यात. एअरगनचा काही उपयोग होईल का हो त्यांना हाकलायला?

कायद्याचं_बोला
जनावर जखमी होऊन हिंडेल, आणि वर वन्यजीव कायदा लागेल तो वेगळाच. एअरगन ४.५ मिमीच्या आत आणि २० ज्यूलच्या आत असली तर परवाना लागत नाही, म्हणून ती कशावरही चालवायची असं नसतं. पिकाचं नुकसान वनखात्याकडं नोंदवा, भरपाई मिळते. अवांतर थांबवा, नळीवर या.

सातारी_कंदी
गनस्मिथवरनं आठवलं. पूर्वी हत्यारांना धार-पाणी करायचं काम शिकलगारांचं. आमच्या पेठेतले चाचा अजून आहेत, त्यांच्या आजोबांनी संस्थानातल्या तलवारी परजल्यात असं सांगायचे. त्यांना मी एकदा गमतीनं विचारलं बंदुकीचं जमेल का, तर म्हणाले, “बाळा, तलवार रुसली तर समजूत काढता येते, बंदूक रुसली की परवान्यावाल्याकडंच जायचं.” त्यांना कायदा आपल्यापेक्षा पक्का माहिती.

कुपवाडचा_लेथवाला
अपडेट. रविवारी आईंनी (@रेंजवरची_आई) सांगितलेलं केलं. माझी काडतुसं क्लबच्या रायफलीत, मीच मारली, १९ मिमी. म्हणजे मी आणि स्वस्तातलं काडतूस एवढे वाईट नाही. मग माझी रायफल क्लबमधल्या एका पोरानं मारली, तो माझ्यापेक्षा कितीतरी बरा, त्याला ३३. मॅचचं काडतूस उसनं घेऊन त्यानंच परत मारलं तर ३०. म्हणजे दोष रायफलीतच.

आणि वर्कशॉपमध्ये कास्टिंग तपासायला बोअरस्कोप आहे, तो नळीत घालून बघितला (बघायला तरी परवानगी आहे ना वकीलसाहेब). चेंबरच्या पुढं काळी कडक रिंग आहे. आणि मझलपासून चार-पाच बोटं आत गंजाचे बारके खड्डे, सात-आठ असतील. ते बघून पोटात गोळा आला. आमचं घर गावभागात, २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या पहिल्या मजल्याला लागलं होतं. रायफल माळ्यावर होती, भिजली नाही, पण आठ दिवस त्या दमट हवेत तशीच. तेव्हाचा गंज असणार. म्हणजे नळी गेलीच म्हणायची ना?

माशीवर_नेम
थांबा. गंज २०१९ चा, आणि ग्रुप २०२३ पर्यंत १५ मिमी. मग चार वर्षं त्या खड्ड्यांनी काय बिघडवलं? चोर जर चार वर्षं घरात राहून एक चमचा पण नेत नसेल तर चोरी त्यानं केलेली नाही. खड्डे दिसायला घाण, त्यात शिसं जरा जास्त धरेल, पण ग्रुप दुप्पट करायला ते पुरे नाहीत.

काळी रिंग म्हणजे कार्बन. .२२ मध्ये ती बसतेच, ती काढायला हवी, चांगलं सॉल्व्हंट, ब्राँझचा ब्रश, बोअर गाईड (रॉड मधोमध ठेवायला), आणि चेंबरकडनंच. घाईत खरवडू नका.

२०२३ आणि आत्ताच्या मधे काय झालं ते सांगा. पडली? दुसरीकडं ठेवली?

कुपवाडचा_लेथवाला
लोकसभा निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केली होती. आमच्याकडं ७ मे २०२४ ला मतदान, निकाल ४ जूनला. पण मी आणायला गेलो ऑगस्टमध्ये, कामाच्या नादात राहून गेलं, चूक माझीच. मतदानाच्या महिनाभर आधी जमा केलेली. म्हणजे निम्मा पावसाळा ती तिथं खोलीत, बाकीच्या पन्नास बंदुकींबरोबर भिंतीला टेकवून उभी.

रेंजवरची_आई
क्लबचे स्पर्धक असाल तर निवडणुकीत जमा करण्यातून सूट मागता येते, पुढच्या वेळी वेळेत अर्ज करा.

जुना_फौजी
मझल वर होती का खाली?

कुपवाडचा_लेथवाला
आणायला गेलो तेव्हा... खाली. फरशीवर.

तंबोरा_मिरज
मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, मुलीच्या शाळेच्या धाग्यावरनं इकडं भरकटलो आणि आता सगळा वाचून काढला. पण लाकडातलं कळतं. घरात चार पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. तुम्ही लोखंडाचंच बोलताय सगळे, दस्त्याचं कोणच विचारत नाही.

लाकूड पावसाळ्यात पाणी पितं आणि उन्हाळ्यात टाकतं. लांबीला फारसं हलत नाही, रुंदीला हलतं, आणि रेषा सरळ नसल्या तर पिळतं. आम्ही तुनीचं लाकूड वर्षानुवर्षं मुरवतो ते ह्याचसाठी. एक गोष्ट हमखास चुकते, बाहेरनं पॉलिश चकाचक असतं आणि आतली बाजू कोरी. मग पाणी आतनं शिरतं, आत फुगतं, बाहेर नाही, आणि दांडी वाकते. तंबोऱ्याची दांडी केसभर वाकली तर जवारी (तारेची झणक) बिघडते, सूरच लागत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं तारा बदला. तुमचं नळी बदला तसलंच वाटतंय मला. नळी बसते त्या खोबणीला आतनं पॉलिश आहे का बघा. आणि वाळवायला उन्हात ठेवू नका, तडकेल.

माशीवर_नेम
मिरजकर, दंडवत. दस्त्याचं मी एका शब्दात उरकलं होतं, तुम्ही पकडलंत बरोबर.

दादा, मॅच रायफलीत नळी पुढं मोकळी तरंगती असते, दस्त्याला टेकत नाही. (सगळ्या रायफलीत नाही हां, काहींची मुळातच पुढं टेकवलेली असते, त्यांचा हिशोब वेगळा.) दहाची नोट घ्या, नळी आणि दस्त्याच्या मधे सरकवा, अ‍ॅक्शनपर्यंत (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) गेली पाहिजे. अडकली तर तिथं लाकूड टेकतंय. मग प्रत्येक गोळीला दाब वेगळा, तिरका ओघ त्यातनंच येतो. दुसरं, अ‍ॅक्शनचे दोन स्क्रू. लाकूड फुगून परत बसलं की ते ढिले पडतात. पुस्तिकेत टॉर्क (किती जोरानं आवळायचं ते) दिलेला असतो, असल्या रायफलींना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, तुमचा आकडा पुस्तिकेत बघा. अंदाजानं आवळू नका, दोन्ही सारखे पाहिजेत.

तिसरं, मझल. कानातली कापसाची काडी घ्या, क्राऊनच्या आतल्या कडेवरनं हळू गोल फिरवा. कापसाचा धागा कुठं अडकला तर तिथं बुरी (उचकटलेली धातूची कड) आहे.

उगाचच_आलो
दहाची नोट, कापसाची काडी, तंबोरा. हे निदान चाललंय का बारसं

कुपवाडचा_लेथवाला
नोट अडकली!!! दस्त्याच्या टोकापासून चार इंच आत, उजवीकडं. खोबणीला आतनं पॉलिश नाही, कोरं लाकूड, मिरजकर म्हणाले तस्संच. मागचा स्क्रू हातानं पाव आटा फिरला. आणि कापूस मझलवर एकाच ठिकाणी अडकतोय, घड्याळातल्या चारच्या जागी. भिंग घेऊन बघितलं तर बारकी चपटी ठेच दिसती.

आता नळी बदलायची का नाही? आणि माणूस सांगा की कोणतरी.

जुना_फौजी
आमच्या ओळखीचा एक पोलीस आर्मरर (खात्याची हत्यारं दुरुस्त करणारा) आहे, हात सोन्याचा, त्याला सांगू का?

कायद्याचं_बोला
नोकरीतला आर्मरर खाजगी काम करू शकत नाही, त्याची नोकरी आणि तुमचा परवाना दोन्ही गोत्यात. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं टेबल असतं तिथं विचारा, दुरुस्तीचा परवाना कुणाकडं आहे ते कळतं. दुकानात गेलात तर परवाना भिंतीवर लावलेला असतो, वाचा, त्यात दुरुस्ती लिहिलंय का नुसती विक्री. रायफल देताना पावती घ्या, तिच्यावर नंबर लिहून. नळी बदलली आणि नवीनवर वेगळा नंबर असला तर परवान्यावर नोंदीचं काय करायचं ते काम सुरू करायच्या आधी टेबलावर विचारा, नंतर नाही.

रेंजवरची_आई
कोल्हापुरात विचारा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत तिथल्या, स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातला, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. जिथं एवढे खेळाडू तयार होतात तिथल्या क्लबांत कोण कुणाकडे रायफल नेतं ते माहिती असतं. नाहीतर पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर कुणालाही विचारा. नावं मी उघड्यावर लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) करते.

माशीवर_नेम
माणूस सापडला की त्याला तीन गोष्टी विचारा. .२२ मॅचची नळी आधी बसवलीय का. चेंबर कुठल्या रीमरनं (कोरायच्या हत्यारानं) काढतो. हेडस्पेसचं (बोल्ट आणि काडतुसाच्या बैठकीतल्या जागेचं) गेज आहे का. .२२ चं काडतूस मागच्या कडेवर बसतं, ती कड साधारण १.१ मिमी जाड, तिथं ढिलाई राहिली तर नवीन नळी जुनीपेक्षा वाईट मारेल. “गेज कशाला, घासून बसवतो की” म्हणाला तर चहा प्या आणि रायफल घेऊन परत या.

आणि माझं ऐकाल तर नळीचं नावच काढू नका. क्राऊन नवीन करून घ्या, दस्ता मोकळा करून घ्या. तेवढंच.

एकदाच_धडाका
असहमत. गंजलेली नळी कशाला सांभाळायची? आज क्राऊन, उद्या खड्डे, परवा परत पुण्याच्या चकरा. मी बदलून घेतली होती, एकदाच खर्च, डोक्याला ताप नाही. तुम्ही लोक जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडता.

माशीवर_नेम
तुमची बदलायला किती दिवस लागले?

एकदाच_धडाका
चौदा महिने. नळी बाहेरनं यायची होती.

उगाचच_आलो
डोक्याला ताप नाही 😂

कुपवाडचा_लेथवाला
महिन्यानं येतोय, माफी.

आईंनी व्यनित दिलेल्या माणसाकडं पुण्याला गेलो. पेटीत कुलूप लावून, परवाना खिशात, स्वतःच्या गाडीनं. साठीतला माणूस, दुकान एवढंसं, भिंतीवर परवाना. मी आत गेलो ते सरळ म्हणालो, नळी बदलायचीय. त्यांनी रायफल हातात घेतली, बोल्ट काढला, उजेडाकडं धरून बराच वेळ आत बघितलं, काहीच बोलले नाहीत. मग स्क्रू काढून नळी-अ‍ॅक्शन दस्त्यातनं उचलली, खोबणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “पाण्याचा भाग काय तुमचा?” मी म्हटलं सांगली. म्हणाले, “मग बरोबर.”

रीमर-गेजचे प्रश्न पाठ करून गेलो होतो, विचारले. त्यांनी ड्रॉवर उघडून गेज दाखवलं आणि म्हणाले, बदलून देतो, पण मग ही जुनी नळी टाकू नका, मी ठेवून घेतो. तेव्हाच कळलं, जुनी नळी अजून चांगली आहे.

केलं ते एवढंच. खोबणी टेकत होती तेवढी घासून आतनं सील केली, अ‍ॅक्शनच्या खालची बैठक नीट केली, मझलचा चेहरा अगदी केसभर घेऊन क्राऊन नवीन, लांबीत म्हणण्यासारखा फरक नाही. चेंबरमधली रिंग काढली. गंजाचे खड्डे आहेत तसेच. काम चाललं होतं तेव्हा मी शेजारी उभा, आणि इतकी वर्षं लेथ चालवून पण सांगतो, त्या क्राऊनिंगला ज्या शांततेनं त्यांनी नळी सेंटरला धरली ते बघून मला माझीच लाज वाटली, मी हे घरी करायला निघालो होतो.

काल रेंजवर, वारा होता (सातारकर, खरंच होता). स्वस्तातलं काडतूस २१. मॅचचं १६, १७, १५, १८. तिरका ओघ गेला. आता बोल्ट काढून मागनंच रॉड घालतो फौजीसाहेब.

जुना_फौजी
शाबास. वही घातली का?

कुपवाडचा_लेथवाला
घातली. पहिल्या पानावर पाच टार्गेटं चिकटवलीत.

तंबोरा_मिरज
छान झालं. सीलचा हात दर एक-दोन वर्षांनी पावसाळ्याआधी बघत जा. आणि भडंगाचं पाकीट लागू झालंय माझं, मिरजेत कधी येताय?

बघू_नंतर
पूर्ण धागा वाचला नाही. तीस वर्षं जुनी असेल तर नळी बदलूनच टाका सरळ.

कुपवाडचा_लेथवाला
@तंबोरा_मिरज रविवारी, रेंजवरनं येताना.